चेन्नईत सहा दिवस, सल्ल्याशिवाय

चेन्नईला जायचं ठरलं ते सांगलीत, एका मुलीच्या प्रश्नामुळे.

तिथल्या एका महाविद्यालयात माझं व्याख्यान होतं. ज्यांना मी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: कराडला मी तीस वर्षं तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकवलं आणि निवृत्त झाल्यापासून गावोगावी ‘बहरलेलं आयुष्य’ या विषयावर बोलतो. आपल्या हातात काय आहे आणि काय नाही हे ओळखा, चांगली सवय रोज थोडी थोडी घडवा, दुसऱ्याचं मनापासून ऐका, अशी माझी सूत्रं. त्या दिवशी ‘ऐकणं’ या सूत्रावर मी पंचवीस मिनिटं बोललो. प्रश्नोत्तरांत मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि तिनं विचारलं, “सर, यातलं तुम्ही स्वतः शेवटचं कधी केलंत?”

मी एक किस्सा सांगितला. टाळ्याही पडल्या. पण तो किस्सा अठरा वर्षांपूर्वीचा होता, आणि ते फक्त मला माहीत होतं.

घरी जेवताना मी हा प्रसंग सुनीताला, म्हणजे माझ्या बायकोला, गंमत म्हणून सांगितला. ती हसली नाही. आमटी वाढता वाढता म्हणाली, “मुक्ताला कुणी हेच विचारलं असतं, तर तिनं तुमच्याबद्दल काय सांगितलं असतं?”

मुक्ता आमची एकुलती एक मुलगी, वय एकोणतीस. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी इंजिनिअर आहे. दोन वर्षांपूर्वी तिला इकडे सरकारी नोकरी लागली होती. लेखी परीक्षा, मुलाखत, सगळं पार पडलं होतं आणि तिनं ती नाकारली. मी कारण विचारलं नाही. माझ्याकडे आधीच एक कारण तयार होतं. त्यानंतर महिनाभरात एका व्याख्यानात मी बोलून गेलो की माझ्या परिचयातल्या एका मुलीनं हातात आलेली सरकारी नोकरी सोडली, कारण आयुष्यात काय हवंय हेच तिला ठाऊक नाही. दिशाहीन माणूस कसा असतो ते पाहायचं तर तिच्याकडे पाहा. नाव घेतलं नव्हतं. घ्यायची गरजही नव्हती, अर्ध्या कराडला ती कोण ते कळलं. व्याख्यानाचा व्हिडिओ निघाला आणि फिरत फिरत मुक्तापर्यंत पोचला. तेव्हापासून ती सणासुदीला घरी येते, नमस्कार करते, तब्येत विचारते. त्यापलीकडे काही नाही.

मी माफी मागितली नव्हती. ‘तुझ्या भल्यासाठीच बोललो’ असं एकदा म्हणालो होतो. ती माफी नव्हे, हे तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल.

मी मुक्ताला मेसेज केला की तुझ्याकडे येऊ का. दोन तासांनी उत्तर आलं: ‘या. पण मला रविवारशिवाय सुट्टी नाही.’ सुनीता म्हणाली, तुम्ही एकटेच जा, मी आले तर दोघंही माझ्याशीच बोलत बसाल. मग मी स्वतःला एक नियम घालून घेतला. गेल्यावर मनापासून माफी मागायची, आणि जितके दिवस तिथं आहे तितके दिवस कुणालाही सल्ला द्यायचा नाही. माझ्यासारख्या माणसाला हे उपवासापेक्षा अवघड आहे. उपवास मी करतो.

प्रवासाचं थोडक्यात सांगतो. कराडहून एसटीनं पुणं, साडेतीन ते चार तास. पुण्याहून चेन्नईची गाडी संध्याकाळच्या सुमारास मिळते आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत सेंट्रलला सोडते. थ्री एसीचं तिकीट दीड हजाराच्या आसपास. महिनाभर आधी काढा, नाहीतर प्रतीक्षा यादीत अडकाल. मी फेब्रुवारीत गेलो. हवा बरी असते, घाम येतो पण माणूस भाजून निघत नाही. सेंट्रलच्या बाहेर रिक्षावाल्यांशी हुज्जत घालू नका, मोबाइलवरून रिक्षा बोलवा. मैलापूरला अर्ध्या तासात पोचलो.

मुक्ता मैलापूरला कमलाबाईंच्या घरात वरच्या खोलीत राहते. कमलाबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या, तंजावरकडच्या मराठी कुटुंबातल्या. वीज मंडळाच्या ऑफिसातून निवृत्त झाल्या. त्यांची माणसं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आली, आणि भाषा त्या वेळची तशीच घरात राहिली, वर तमिळचा हेल चढला. दार उघडून त्या म्हणाल्या, “या, या. मुक्ताचे बाबा ना तुम्ही? प्रवास बरा जाहला? हातपाय धुवा, असकें तयार आहे.” ‘असकें’ म्हणजे सगळं, हे मला पान वाढल्यावर कळलं. भात, सांबार, वाटाण्याची उसळ, आणि दह्यात कालवलेलं उडदाचं डांगर. डांगर आमच्या आईच्या हातचं खाल्लं होतं, त्यानंतर थेट इथं, समुद्रकाठच्या शहरात. त्या त्याला डांगर पचडी म्हणतात. मी तीनदा घेतली.

मुक्ता संध्याकाळी साडेसहाला आली. कंपनीची बस तिला पहाटे सहाला मुख्य रस्त्यावरून उचलते आणि संध्याकाळी तिथंच सोडते. जाऊन-येऊन तीन तास. ती मला बारीक वाटली. डोळे थकलेले. पाया पडली, आईची चौकशी केली, कॉफी केली. समोरासमोर बसल्यावर माझ्या तोंडून निघालंच, “एवढ्या लांबून रोज ये-जा करण्यापेक्षा...”

आणि मी थांबलो. ती वाट बघत राहिली.

“करण्यापेक्षा काय?”

“काही नाही,” मी म्हणालो. “कॉफी छान झालीय.”

तिनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मला घाम फुटला होता आणि त्यात हवेचा दोष नव्हता. पहिला दिवस असा काठावर पास झालो.

शुक्रवारी सकाळी ती कामावर गेली आणि मी मैलापूर पाहायला निघालो. जाणाऱ्यांसाठी सांगतो, इथं सकाळी सातला बाहेर पडा. शंकराच्या मोठ्या देवळाभोवतीच्या गल्ल्यांमध्ये तेव्हा मोगऱ्याच्या वेण्या हातभराच्या मापानं विकायला बसतात, तळ्याच्या पायऱ्यांवर ऊन उतरत असतं आणि देवळाच्या गोपुरावरचे रंग डोळ्यांत भरतात. पोंगल, वडा आणि फिल्टर कॉफी मिळून शंभराच्या आत पोटभर नाश्ता होतो. दुपारी केळीच्या पानावरचं जेवण देणाऱ्या खानावळी आहेत. पान दुमडल्याशिवाय वाढणं थांबत नाही, एवढं लक्षात ठेवा.

कमलाबाई माझ्याबरोबर भाजी आणायला आल्या होत्या. त्यांना माझ्या येण्याचं कारण विचारायची गरज पडली नाही. व्हिडिओ त्यांनीही पाहिला होता. मी सांगितलं की आज संध्याकाळी माफी मागायची आहे, तुम्ही जरा ऐकून बघा. घरी आल्यावर त्यांच्या ओसरीवर बसून मी तयारी केलेलं बोलू लागलो. माणूस चुका का करतो, इथून सुरुवात. मग राग आणि प्रेम यांचा संबंध. मग बापाच्या मनातली भीती. तीन मुद्दे, शेवटी समारोप.

दुसऱ्या मुद्द्यावर त्यांनी हात वर केला. “पोदुम,” त्या म्हणाल्या. म्हणजे पुरे. “हें व्याख्यान आहे. तुमचें काय चुकलें तितकें सांगा. मग गप्प बसा. ती रागें भरेल, तें ऐका.”

तीस वर्षांत माझं बोलणं कुणी असं मधेच थांबवलं नव्हतं. पण त्यांनी चार वाक्यांत जे सांगितलं ते माझ्याच व्याख्यानातलं होतं. माझे शब्द माझ्या हातात आहेत, तिची क्षमा माझ्या हातात नाही. मी माफी अशी रचत होतो की ऐकणाऱ्याला क्षमा करण्यावाचून गत्यंतर राहू नये. म्हणजे जे माझ्या हातात नव्हतं तेच हिसकावून घ्यायला निघालो होतो.

संध्याकाळी मुक्ताला म्हणालो, समुद्रावर जाऊ या का. मैलापूरहून चालत वीसेक मिनिटं लागतात. मोठ्या मरीना बीचची गर्दी नको असेल तर सांथोमच्या दक्षिणेला पट्टिनपाक्कमच्या किनाऱ्यावर जा. कोळ्यांच्या होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या असतात, जाळी वाळत घातलेली असतात. सूर्य इथं पाठीमागे, शहरात मावळतो, आणि समोर समुद्रावरचं आकाश हळूहळू गुलाबी होत जातं. आम्ही एका होडीला टेकून बसलो.

मी म्हणालो, “मुक्ता, मी शेकडो लोकांसमोर तुला दिशाहीन म्हणालो. तुला न विचारता, तुझं कारण माहीत नसताना. ते चूक होतं. माझं चुकलं.”

आणि गप्प बसलो.

तिनं वाळूत बोटानं एक रेघ ओढली. मग बोलायला लागली ती थांबलीच नाही. व्हिडिओ तिला कुणी पाठवला नव्हता. कंपनीच्या बसमध्ये पुण्याकडचा एक सहकारी मोबाइलवर ऐकत बसला होता आणि तिला माझा आवाज ओळखू आला. मागच्या सीटवर बसून तिनं ते सगळं ऐकलं. मी सांगितलेल्या विनोदावर लोक हसलेलेही ऐकले. त्या दिवशी तिनं कारखान्यात पूर्ण पाळी काम केलं आणि परत येताना तिला कळेना की घरी फोन करायचा तर काय बोलायचं. लहानपणी मी तिला प्रत्येक गोष्टीचं कारण विचारायला शिकवलं, हेही ती बोलली. माझ्या मनात उत्तरं रांगेनं उभी राहत होती. तसा हेतू नव्हता, नाव घेतलं नव्हतं, काळजी वाटत होती. मी एकही उत्तर बाहेर येऊ दिलं नाही. जिभेला सवय लावायची तर सुरुवात कुठूनतरी करावी लागते.

शेवटी ती म्हणाली, “बाबा, मी इथं काय करते, हे तुम्ही मला कधी विचारलंच नाहीत.”

“आता विचारतो. काय करतेस तू?”

ती उठली, कपड्यांवरची वाळू झटकली. म्हणाली, “रविवारी आवडीला चला. सांगून कळायचं नाही.” आवडी म्हणजे चेन्नईच्या पश्चिमेचं एक उपनगर.

क्षमा केली असं ती म्हणाली नाही. पण परतताना रस्ता ओलांडताना तिनं माझा हात धरला आणि पलीकडे गेल्यावरही लगेच सोडला नाही.

शनिवारी तिची पाळी होती. मी सकाळीच त्या व्याख्यानमालेच्या संयोजकांना फोन लावला आणि व्हिडिओ काढून टाकायची विनंती केली. ते म्हणाले, सर, तो तर तुमचा सगळ्यात जास्त पाहिला गेलेला व्हिडिओ आहे. मी म्हणालो, म्हणूनच. जेवणवेळेपर्यंत तो काढला गेला. पण चूक चारचौघांत केली तर ती चारचौघांतच दुरुस्त करायला हवी, आणि ज्यांनी तो ऐकला ते बहुतेक हा ब्लॉगही वाचतात. मुक्ताला विचारलं, मी हे सगळं लिहू का. तिनं अट घातली: माझं कौतुक करू नका, झालं तेवढं लिहा. तिनं परवानगी दिली म्हणूनच हे वाचता आहात.

त्या संध्याकाळी एक मजा झाली. मी इतका सावध झालो होतो की जेवताना तोंडच उघडत नव्हतो. हो, नाही, छान. मुक्तानं घास हातात धरून विचारलं, “तुम्ही असे का बसलाय? बोललात की भीती वाटायची, आता गप्प बसलात तर त्याहून जास्त वाटते.” कमलाबाई हसू लागल्या. मग माझ्या लक्षात आलं की बडबड हे एक टोक आणि मौन हे दुसरं. दोहोंमधली जागा वर्गात फळ्यावर मी किती वेळा काढून दाखवली होती. ती जागा म्हणजे प्रश्न विचारणं, ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक नाही असा प्रश्न. मी विचारलं, उद्या आवडीला कोण कोण असतं? आणि ताटं वाळेपर्यंत मुक्ता बोलत होती.

आवडीला जायची वाट सोपी आहे. मैलापूरच्या स्टेशनावरून पार्क टाऊनपर्यंत उंचावरून धावणारी लोकल, तिथं उतरून रस्ता ओलांडला की सेंट्रलचं उपनगरी स्टेशन, तिथून आवडीची गाडी. रविवारी सकाळी बसायला जागा मिळते. दोन्ही तिकिटं मिळून एका कॉफीच्या किमतीत. आवडी म्हणजे संरक्षण खात्याचे कारखाने आणि सरकारी क्वार्टर्स. रुंद रस्ते, मोठी झाडं, एकसारखी पिवळी घरं. त्यातल्या एका घराच्या व्हरांड्यात चटया अंथरल्या होत्या आणि सात बायका बसल्या होत्या. घर सेल्वीचं. तिचा नवरा तिथल्याच कारखान्यात नोकरीला आहे आणि ती स्वतः मुक्ताच्या कंपनीत लाइनवर काम करते. बाकी सहाजणीही त्याच कंपनीतल्या. सगळ्या कंत्राटी, दिवसभर उभं राहून काम.

मुक्तानं गाडीत सांगितलं होतं ते असं. अडीच वर्षांपूर्वी सेल्वीनं तिला विचारलं की माझा हा तुकडा तुम्ही नापास का केलात? मुक्तानं तिला मायक्रोमीटर, म्हणजे केसाइतकी जाडी मोजायचं उपकरण, कसं धरायचं ते दाखवलं. दुसऱ्या दिवशी तिनं मैत्रिणीला आणलं. मग रविवारचा वर्ग सुरू झाला. ड्रॉइंग वाचायचं, माप घ्यायचं, चूक किती चालते ते ठरवायचं. हे आलं तर कंपनीची अंतर्गत परीक्षा देऊन तपासनीस होता येतं: बसून काम, पगार जास्त, नोकरी कायम. सरकारी नोकरीचं पत्र आलं तेव्हा वर्ग नुकताच कुठं रुळला होता. “या सातजणींना मधे सोडून जायचं नव्हतं,” मुक्ता म्हणाली. एवढंच कारण होतं. विचारलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं.

परीक्षा आदल्याच दिवशी, शनिवारी झाली होती. निकाल सोमवारी लागणार होता. वर्गात प्रत्येकजण आपण काय लिहिलं ते सांगत होती. मी कोपऱ्यात बसून दोन तास पाहत होतो. तमिळ मला कळत नाही, पण शिकवणं कळतं. मुक्ता प्रश्न विचारायची आणि थांबायची. उत्तर येत नसलं तरी थांबायची. ती शांतता मला सहन होत नव्हती. मी असतो तर तिसऱ्या सेकंदाला उत्तर सांगून टाकलं असतं. ती थांबायची आणि उत्तर यायचंच. वल्ली नावाची एक बाई होती, पंचेचाळिशीची. तिनं नाणं हातात घेऊन त्याची जाडी उपकरण न लावता सांगितली. मुक्तानं मोजून पाहिली, बरोबर निघाली. पण कालच्या पेपराबद्दल विचारल्यावर तीच वल्ली पदराशी चाळा करत गप्प झाली. कागद पुढं आला की तिचे हात थंड पडतात, असं सेल्वी म्हणाली, ते मुक्तानं मला मराठीत सांगितलं.

मला त्यावर काय करायचं ते ठाऊक होतं. असे विद्यार्थी मी पाहिले होते. वाक्य ओठांवर आलं होतं. मी पाणी प्यायलो.

सोमवारी संध्याकाळी मी पुन्हा आवडीला गेलो, या वेळी कमलाबाईंना घेऊन. मुक्ता त्या दिवशी मैलापूरच्या बसऐवजी त्या सगळ्यांबरोबर आवडीच्या बसमध्ये बसणार होती. आम्ही कंपनीच्या बसच्या थांब्यावर एका पिंपळाखाली उभे राहिलो. फोन करून निकाल विचारता आला असता, पण कमलाबाई नको म्हणाल्या.

सहाच्या सुमारास पांढरी बस वळणावरून आली. आधी खिडक्यांतून हात दिसले, खूप हात. दार उघडायच्या आधीच आतून आरडाओरडा ऐकू येत होता. सेल्वी पहिली उतरली, माझ्यापुढं येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “सार, पास.” मागून दुसरी आली, पास. तिसरी आली. कमलाबाई प्रत्येकीच्या गालांवर हात ठेवून कडाकडा बोटं मोडत होत्या. त्यांचे डोळे वाहत होते आणि माझेही. मुक्ता सगळ्यांत शेवटी उतरली, वल्लीच्या खांद्यावर हात ठेवून. सातांतल्या सहाजणी पास झाल्या होत्या. वल्ली दोन मार्कांनी राहिली होती. तीन महिन्यांनी तिला परत बसता येणार होतं.

तरी वल्ली हसत होती. सहाजणी आत गेल्या, आता आतून दार उघडं ठेवतील, असं ती म्हणाल्याचं मुक्तानं मला सांगितलं.

सेल्वीच्या व्हरांड्यात केसरी, म्हणजे आपला शिरा, आणि बोंडा झाला. मग त्यांनी मला खुर्ची दिली आणि मुक्ताच्या वडिलांनी, मोठ्या व्याख्यात्यांनी, दोन शब्द बोलावेत असा आग्रह धरला. मी उभा राहिलो. खरं सांगतो, बहरलेल्या आयुष्याचं इतकं चांगलं उदाहरण मला कुठल्या सभागृहात मिळालं नव्हतं, आणि बोलायला मजकूर भरपूर होता. मी म्हणालो, “मला तुमच्याकडून ऐकायचंय. पहिल्या रविवारी इथं येताना तुमच्या मनात काय होतं?” मुक्तानं ते तमिळमध्ये सांगितलं, आणि मी खुर्ची बाजूला करून चटईवर बसलो.

एकेक जण बोलली. सासू काय म्हणाली, रविवारचा स्वयंपाक कोणी केला, मुलाच्या दप्तरातली पट्टी घेऊन मिलिमीटर कसे पाठ केले. मुक्ता माझ्या शेजारी बसून कानात मराठी करून सांगत होती. लहानपणी मी तिला गोष्टी सांगायचो, आता ती मला सांगत होती. मी वर्षानुवर्षं लोकांना सांगत आलो की बहरणं म्हणजे आतली एक अवस्था. या बायकांपैकी कुणी आत डोकावायला बसलं नव्हतं. त्या एक अवघड काम नीट करायला शिकत होत्या, एकमेकींना धरून, आणि ते करता करता त्यांचे चेहरे असे झाले होते. माझी मुलगी त्यांच्यामध्ये बसली होती, आणि तिच्याइतकी ठाम दिशा असलेलं माणूस मी जवळून पाहिलं नव्हतं.

परतीच्या गाडीत कमलाबाई खिडकीशी बसून पेंगत होत्या. मुक्ता माझ्या बाजूला होती. दोन स्टेशनं गेली. मग म्हणाली, “बाबा, वल्लीचं काय करू? सगळं येतं तिला, फक्त कागद नको. तुम्ही असतात तर काय केलं असतं?”

माझा नियम मी तिला सांगितलेला नव्हता. मी खात्री करून घेतली, “सल्ला मागतेस?”

“हो. मागतेय.”

मग मी सांगितलं. आधी पेपर तोंडी घ्यायचा. ती बोलेल तसं दुसऱ्या कुणीतरी लिहायचं, आणि मग तिचेच शब्द तिनं वहीत उतरवायचे. कागदावर आपलाच आवाज दिसला की भीती ओसरते. महिनाभरानं लिहिणारी बाजूला सरकते. मुक्ता मोबाइलवर टिपून घेत होती. मी पाच मिनिटांत थांबलो. तिनं आणखी दोन प्रश्न विचारले, म्हणून आणखी पाच मिनिटं बोललो.

मंगळवारी दुपारची गाडी होती. मुक्तानं अर्धा दिवस रजा घेतली आणि सेंट्रलवर सोडायला आली. पाया पडली, मग मिठी मारली. कॉलेजात गेल्यापासून तिनं असं केलं नव्हतं. म्हणाली, “पुढच्या वेळी आईला घेऊन या, आणि दोन रविवार राहा.”

आता खर्चाचं आणि सोयीचं, कारण विचारणारे विचारतील. सहा दिवसांत प्रवास धरून माझे साडेपाच हजारांच्या आसपास गेले, राहणं घरचं होतं म्हणून. नाहीतर मैलापूरला साध्या लॉजमध्ये राहा, सगळं चालत गाठता येतं. महाबलीपुरम माझं राहिलं, त्याची खंत नाही. कुणाची लेक, मुलगा, भाऊ दूरच्या शहरात नोकरीला असेल, तर त्याच्या शहरातली स्थळं पाहायच्या आधी तो रविवारी कुठं जातो ते पाहून या, एवढंच म्हणेन. हा सल्ला झाला, पण नियम चेन्नईपुरता होता.

घरी येऊन तीन महिने झाले. व्याख्यानं कमी केली आहेत आणि प्रश्नोत्तरांचा वेळ दुप्पट केला आहे. अजूनही मधेच तोडून बोलतो. सुनीता तेव्हा ‘पोदुम’ म्हणते. रोज सकाळी अर्धा तास तमिळ शिकतो. या वयात नवी अक्षरं गिरवताना वल्लीच्या थंड हातांची आठवण येते.

गेल्या रविवारी दुपारी मुक्तानं एक ध्वनिसंदेश पाठवला, वल्लीच्या आवाजातला. खाली लिहिलं होतं: ‘मराठी करून देणार नाही. तुम्हीच समजून घ्या.’ पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ‘सार’ आणि ‘पास’ एवढंच कळलं आणि मी खुर्चीतून उठलो. दुसऱ्यांदा कळलं की पूर्ण पेपर तिनं आपल्या हातानं लिहिला. तिसऱ्यांदा मी सुनीताला हाक मारली आणि दोघं मोबाइलवर वाकून बसलो. वल्ली एक शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होती, ‘मुदल, मुदल’. तो आकड्यांच्या धड्यातला होता, म्हणून आला. पहिली. यादीत तिचं नाव सगळ्यांच्या वर होतं.